रोज सकाळी कोणाला तरी चक्कर

काही केसेस फाईलबरोबर बंद होतात, ही झालीच नाही. आजही सकाळी सकाळी ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला की मला आधी हसू येतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते, कारण आत कोणीतरी खरंच आजारी असेल ना!

आधी एक खुलासा करून टाकते. 'रिटायर्ड पोलीस अधिकारी' म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा दिसतात. माझं तसं काही नाही. मी सब-इन्स्पेक्टर होते, ड्यूटीवर गुडघा गेला, ऑपरेशननंतर साहेबांनी टेबलावर बसवलं आणि टेबल मला झेपेना. सोडली नोकरी. आता इंदूरमध्येच, भंवरकुआं भागात, सब-इन्स्पेक्टरच्या परीक्षेचे क्लास घेते. पोरं कलमं पाठ करून कंटाळली की ओरडतात, "मॅडम, किडनीवाली केस!" इतक्यांदा सांगून झालीये की म्हटलं आता लिहूनच टाकू. नावं कोणाचीच घेणार नाही. घेतली तर त्यातली एक बाई माझ्या घरी येऊन माझं शुद्धलेखन तपासेल.

तर झालं असं. आमच्या थान्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीत, पलासियाच्या मागच्या एका शांत कॉलनीत वृद्धांसाठी एक मोठं निवासी केंद्र होतं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, मॅनेजर साहेबांना राग येतो. 'सीनियर रेसिडेन्स'. मुलं पुण्यात, बेंगळुरूत, कॅनडात. आई-वडील इथे. एकदम चकाचक जागा.

त्या केंद्राच्या बरोबर समोर एक अंकल राहायचे. बँकेतून रिटायर, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, आणि दिवसभर बाल्कनीत. प्रत्येक थान्याला असा एक माणूस देवाने दिलेला असतो. मी नवी असताना अशा माणसांना टाळायचे, मग कळलं की दहा वेळा ते उगाच येतात आणि अकराव्या वेळी त्यांच्याकडे खरंच काहीतरी असतं. पंचाईत ही की अकरावी वेळ कोणती ते आधी कळत नाही.

त्या दिवशी सकाळी मी रोजनामच्यात नोंद करत होते. रोजनामचा म्हणजे थान्यात दिवसभर जे घडतं ते लिहायची आमची वही. अंकल आले, खुर्ची ओढली, दार बंद केलं, आणि कुजबुजले, "मॅडम, किडनी."

"कोणाची?"

"सगळ्यांची! समोरच्या म्हाताऱ्यांची! रोज एक!"

त्यांनी मोबाईल पुढे केला. आणि सांगते, व्हिडीओ बघून मलाही जरा काटा आला. सकाळी केंद्राच्या गेटातून त्यांची स्वतःची ॲम्ब्युलन्स निघते, आत स्ट्रेचरवर कोणीतरी, गळ्यापर्यंत चादर. तास-दीड तासाने परत येते. ड्रायव्हर इकडे-तिकडे बघतो, म्हातारा माणूस हळूच उतरतो, आणि मागून ड्रायव्हर निळा आइसबॉक्स घेऊन आत पळतो. लस-बिस आणायला असतो ना, तसला. दुसऱ्या दिवशी माणूस दुसरा, बाकी सगळं तेच.

"चादर झूम करा," अंकल म्हणाले.

चादरीवर पिवळे डाग होते. आणि एक लालसर.

"आयोडीन आणि रक्त," अंकल म्हणाले. "मी ग्रुपवर टाकलंय."

"ग्रुपवर टाकलंय?!"

"लोकहितासाठी."

झालं. मी टीआय साहेबांच्या केबिनपर्यंत पोचेपर्यंत त्यांचा फोन वाजत होता. टीआय म्हणजे थान्याचे प्रमुख. एका न्यूज चॅनेलवाल्याने विचारलं होतं, "सर, इंदौर में किडनी रॅकेट, आपका क्या कहना है?" साहेबांचं काहीच म्हणणं नव्हतं, त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. त्यांनी आधी ड्रायव्हरला उचलायला गाडी पाठवली आणि मग मला सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत मला खरं काय ते पाहिजे. नाही मिळालं तर ह्या ड्रायव्हरवर अपहरणाची एफआयआर कटेल. वरून प्रेशर येणार आहे."

ड्रायव्हर पेट्रोल पंपावर सापडला. पन्नाशीचा माणूस, देपालपूरकडचा, खाली मान. गाडीत चादर मिळाली, आइसबॉक्स मिळाला, पण आतून धुतलेला, घासून-पुसून चकचकीत. ह्याने तर अजूनच संशय वाढला. डबा कोण इतका धुतो? मी ज्या हॉस्पिटलशी केंद्राचा करार होता तिथे फोन लावला. ते म्हणाले, तुमच्या केंद्रातून अलीकडे कोणी पेशंट आलाच नाही.

आलाच नाही! रोज सायरन वाजवत गाडी जाते, आणि हॉस्पिटलला पोचतच नाही. मग जाते कुठे?

पूछताछ सुरू केली. आमचे हेडसाब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, रिटायरमेंटला टेकलेले, आवाज असा की अर्धे चोर आवाजानेच कबूल होतात. त्यांनी टेबलावर हात मारला. "बोल! कां ले जावे हे डोकरा-डोकरी ने?" म्हणजे म्हाताऱ्यांना कुठे नेतोस.

ड्रायव्हरचे डोळे भरले, पण तो म्हणाला, "साब, मैं कईं नी बोलूँ। सोगन दी हे।" म्हणजे काही सांगणार नाही, शपथ घातलीये.

"अरे भिया, जेल होईल," मी म्हटलं. "अपहरणात लायसन्स जाईल, नोकरी जाईल. घरी कोण कमावतं?"

"मैं अकेलो।"

"मग?"

"सोगन दी हे, मैडमजी।"

आता ह्यात एक अनुभवाची गोष्ट सांगते. अपराधी माणूस गप्प बसतो तेव्हा तो तुमच्याकडे बघतो, तुम्हाला किती कळलंय ते तपासतो. हा दाराकडे बघत होता, कोणी येऊन आपल्याला सोडवेल का ह्या आशेने नाही, तर कोणी येऊ नये म्हणून. कोणाला तरी वाचवत होता हा. मी त्याला बाकावर बसवून पाणी दिलं आणि हेडसाबना घेऊन केंद्रावर गेले.

मॅनेजर साहेब गेटवरच. टाय लावून. आधी हॉटेल लाइनमध्ये होते असं कळलं, आणि ते दिसत होतं. माझं काम ऐकायच्या आधी त्यांनी मला अख्खी बिल्डिंग फिरवली. बाथरूममध्ये पकडायच्या दांड्या, न घसरणारी फरशी, प्रत्येक पलंगाशी बेल, प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा, कोपरे सगळे गोल केलेले, पायऱ्यांच्या जागी उतार. गेटला कोडचं कुलूप.

"मॅडम, आमच्याकडे क्वालिटीला कॉम्प्रोमाइज नाही. जेवणात मीठ मोजून, तेल जवळजवळ नाहीच. नाश्त्याला ओट्स. आम्हाला ह्या वर्षी टॉप ग्रेडचं सर्टिफिकेट मिळणार आहे. इतक्या वर्षांत एकही रेसिडेंट बाहेर रस्त्यावर पडलेला नाही!"

"बाहेर जातात का ते?"

"नाही ना! मुलाची किंवा मुलीची लेखी सही आल्याशिवाय गेट उघडत नाही. फक्त मेडिकल इमर्जन्सीला उघडतं."

"आणि इमर्जन्सी किती होतात?"

इथे त्यांची छाती फुगली. "रोज! सध्या चक्करच्या केसेस फार आहेत. पण आमचा रिस्पॉन्स टाइम बघा, बेल वाजली की गाडी तयार. आणि रिकव्हरी शंभर टक्के. गेलेला प्रत्येक माणूस तासाभरात ठणठणीत परत!"

हेडसाबनी माझ्याकडे बघितलं, मी हेडसाबकडे. तरी म्हटलं, घाई नको. हॉलमध्ये सगळ्यांचे बयान, म्हणजे जबाब, घ्यायला बसले. समोर खुर्च्यांवर आजी-आजोबा रांगेत, जसं काही वर्गात इन्स्पेक्शन आहे.

पहिले आले महूचे एक काका, फौजेतले सुभेदार. वडीलही फौजेत, आजोबाही फौजेत. पाठ अशी सरळ की मीच सावरून बसले.

"काका, तुम्हाला ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं?"

"होय. डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम फुटला. मग बरं वाटलं."

"माफ करा, पण बघावं लागेल. पाठीवर, कमरेला कुठे टाके..."

त्यांनी शर्ट वर केला. एक भलामोठा व्रण! हेडसाब पुढे झुकले.

"तो सीमेवरचा आहे," काका हेडसाबना म्हणाले. "आत मूत्रपिंड माझंच आहे. दोन्ही. तुमचं ठीक आहे का, चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

मग एक बाई आल्या. मराठी शाळेच्या प्रिन्सिपल होत्या म्हणे, आणि निवृत्त फक्त कागदावर. "आधी नीट बस बेटा, कुबड काढू नकोस," ही त्यांची पहिली ओळ. आणि बयान? "डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम फुटला. मग बरं वाटलं."

तिसरे, कापड मिलमध्ये काम केलेले आजोबा, हाताला पट्टी बांधलेली. "अंधारी आली. घाम. मग बरं." चौथ्या आजी ऐकायला कमी यायचं त्यांना, त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "घाम फुटला!"

क्लासमध्ये पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते. चार खरी माणसं एकच गोष्ट चार प्रकारे सांगतात. एकाला सायरन आठवतो, एकीला चपला हरवल्या ते आठवतं. चौघांचं शब्दाला शब्द जुळलं की समजायचं, कोणीतरी पाठ करून घेतलंय. आणि इथे पाठ करून घेणारी बाई कोण असेल हे कळायला डिटेक्टिव्ह नको होता, ती मागून ओठ हलवून सगळ्यांना आठवण करून देत होती.

पण पाठ काय करून घेतलंय? भीती असेल का? धमकावलंय का कोणी? मी जरा बाहेर आले, मागच्या आवारात. डोकं चालेना. हेडसाब म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट मला पचत नाहीये. किडनी चोरणारे डबा बाहेर घेऊन जातात. हे लोक डबा आत आणतात."

मी थांबलेच. खरंच की! व्हिडीओत डबा आत पळत होता. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येत होतं.

आणि समोर होते कचऱ्याचे डबे. ओला वेगळा, सुका वेगळा, रीतसर. आता तुम्ही इंदूरचे नसाल तर तुम्हाला हे समजणार नाही. आमच्याकडे माणूस बायकोशी भांडेल, सिग्नल तोडेल, पण ओल्यात सुकं टाकणार नाही. कचरा गाडीवाली बाई सगळ्यांसमोर बोलते, आणि ते कोणाला नको असतं. गाडी दुपारची यायची होती, डबे भरलेले होते. मी सुक्याचं झाकण उघडलं.

आत कागदी प्लेटा. पुसलेल्या, एकात एक घातलेल्या. शेवेची पाकिटं, धुऊन, वाळवून, घडी घालून. जिलेबीचा कागद, त्याचा पाक ओल्या कापडाने टिपलेला. मग ओल्याचं झाकण उघडलं, तर पिळलेली लिंबं आणि कोथिंबिरीच्या काड्या.

ज्या केंद्रात नाश्त्याला ओट्स असतात तिथे!

अरे यार, पुरावा होता सगळा. हे लोक तो चादरीत गुंडाळू शकले असते, भिंतीपलीकडे फेकू शकले असते, ओल्यात खाली दाबला असता तर मी हातही घातला नसता. पण नाही. प्लॅन इतका गुप्त, आणि पाकिटं धुऊन सुक्यात! आयुष्यभराची सवय, हात ऐकेचना त्यांचा. मी गाडीतून ती चादर मागवली आणि पिवळ्या डागाला नाक लावलं. इंदूरमध्ये जन्मलेल्या माणसाला लॅबची गरज नाही. हळद, बडीशेप आणि वरून जीरावन मसाला. लाल डाग होता तो चटणीचा.

पोहे. अपहरणाच्या केसमध्ये आमच्याकडे पोहे होते.

मी हसत हसत आत जाणार होते, पण दारात थांबले, कारण बाकावर बसलेला तो माणूस आठवला. त्याच्यासाठी ह्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. संध्याकाळ व्हायला किती वेळ उरला होता!

मी आत जाऊन शेवेचं पाकीट टेबलावर ठेवलं. मॅनेजर साहेबांना बाहेर थांबवलं. "हे बघा," मी म्हटलं, "तुमचा ड्रायव्हर थान्यात आहे. आज संध्याकाळी त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा लागेल. त्याने एक शब्द काढलेला नाही. म्हणतो शपथ घातलीये."

मग प्रिन्सिपल बाई उभ्या राहिल्या. "शपथ मी घातली होती. मुख्य आरोपी मी आहे."

"काय बोलता बाई!" सुभेदार काका उठले. "नियोजन कोणाचं होतं? कोण कधी चक्कर येऊन पडणार हे कोण ठरवायचं? आरोपी मी."

"पडायचं कसं हे मी शिकवलं! तुम्ही तर पहिल्या दिवशी ॲटेन्शनमध्ये पडलात!"

"मला पण लिहा," मिलवाले आजोबा म्हणाले. "मी दोनदा गेलो."

"दोनदा?" मागून एक आजी. "आमची पाळी एकदाच आली आणि हे दोनदा?"

मोठ्या मुश्किलीने शांत केलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवात खरी होती. एका आजींना खरंच चक्कर आली, गाडी हॉस्पिटलला गेली, शुगर कमी झाली होती, सलाइन लावून सोडलं. परत येताना ड्रायव्हर चहाला थांबला. आजी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "भिया, हा वास पोह्यांचा ना रे?" त्याने प्लेट आणून दिली. आजी उठून बसल्या. मग उतरल्या. मग दुकानासमोर उभं राहून, लोकांच्या गर्दीत, धक्के खात, पोहे-जिलेबी खाल्ली. कित्येक वर्षांनी.

"तिने परत येऊन आम्हाला सांगितलं," बाई म्हणाल्या. "पोह्यांचं नाही सांगितलं गं. म्हणाली, दुकानवाल्याने मला विचारलं, माताजी, शेव जास्त घालू? मला विचारलं! इथे कोण विचारतं? चार्टवर असतं सगळं."

दुसऱ्या दिवशीपासून चक्करची साथ. एक जण जायचा, पोटभर खायचा, बाकीच्यांचं आइसबॉक्समधून यायचं, गरम राहतं म्हणून. सायरन? तो बाईंच्या हट्टापायी. त्या म्हणाल्या, खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. विचारणं भाग होतं. "आणि गाडी पोह्यांच्या दुकानावर असताना इथे खरंच कोणाला काही झालं असतं तर?"

मिलवाल्या आजोबांनी पट्टीवरून हात फिरवला. "झालं ना," ते म्हणाले. "बाथरूममध्ये तोल गेला. बेल दाबली. अटेंडंट आला, पण न्यायला गाडी नव्हती. पडून राहिलो."

"मोडलं नाही काही," सुभेदार काका हळूच म्हणाले, पण त्यांची पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली. "गाडी आली तेव्हा ड्रायव्हर रडला. म्हणाला आता बंद. आम्ही ऐकलं नाही. म्हटलं जवळच्याच दुकानावर जा. तो आमचं ऐकत गेला, मॅडम. चूक आमची. त्याला सोडा."

"मग चला थान्यात, टीआय साहेबांसमोर बयान द्या."

सगळे उठले आणि पुन्हा बसले. "गेट," बाई म्हणाल्या. "सही लागते."

मॅनेजर साहेब दाराआडून ऐकत होतेच. धावत आले. "मॅडम, सह्यांशिवाय नाही सोडता येणार! ऑडिट आहे! मी कॅनडाला मेल टाकतो, तिकडे आता रात्र आहे, पण उद्यापर्यंत..."

सुभेदार काकांनी दोन्ही हात पुढे केले. "आम्हाला अटक करा. अटकेला मुलाची सही लागते का?"

नाही लागत. मी केली नाही अटक, पण म्हटलं चौकशीसाठी नेतेय, आणि कुलूप उघडायला लावलं. थान्याची मोठी गाडी बोलावली. आजी-आजोबा असे चढले जसे सहलीला चाललेत. समोर बाल्कनीत अंकल व्हिडीओ काढत होते आणि ओरडत होते, "सगळेच नेले! आता सगळेच नेले!"

थान्यात पुढे काय झालं ते मी कधी विसरणार नाही. ड्रायव्हरने ह्या वरातीला बघितलं आणि तो उभा राहिला, हात जोडून. "मैंने कईं नी बोल्यो, बाईजी।"

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "शपथ सुटली. बोल आता." आणि मग त्या बाकावर त्याच्या शेजारीच बसल्या, आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

टीआय साहेब बाहेर आले तर समोर म्हाताऱ्यांची रांग. सगळे एकदम गुन्हा कबूल करतायत. एक आजी बाथरूमला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अरे साहेब, तुमच्याकडे धरायला दांडी नाही, फरशी निसरडी, आणि पायरी केवढी उंच! कोणी पडलं तर?" साहेबांनी मान खाली घातली. त्या पायरीवरून ते स्वतः दोनदा पडले होते.

त्यांनी माझं ऐकलं, सगळ्यांचं ऐकलं. मग मॅनेजरकडे वळले. "अपहरण कोणाचं? ही माणसं सज्ञान आहेत, आपल्या मर्जीने गेली, आपल्या मर्जीने परत आली. गुन्हा बनत नाही."

मॅनेजरने सुस्कारा सोडला.

"आता मला सांगा, ह्यांच्यातल्या कोणी म्हटलं मला बाहेर जायचंय, आणि तुम्ही कुलूप लावून अडवलं, तर त्याला काय म्हणायचं? कायद्यात त्याला नाव आहे. मॅडम, काय नाव आहे?"

"बेकायदा अडवून ठेवणं, सर."

"हे मात्र बनतं."

मॅनेजर साहेबांचा टाय त्यांना अचानक घट्ट झाला. "सर, हे सगळं सुरक्षेसाठी! मुलं विचारतात हो, कोणी पडलं तर मला विचारतात, त्यांना नाही." आणि सांगते, ह्यात तो खोटं बोलत नव्हता. घाबरलेला माणूस होता. कोणी पडलं तर फोन त्यालाच येणार होता.

"रस्त्यावर आमच्यातलं कोणी पडत नाही," सुभेदार काका म्हणाले, "कारण रस्त्यावर आमच्यातलं कोणी चालतच नाही."

मॅनेजरला ड्रायव्हरला काढायचं होतं. गाडीचा गैरवापर, आणि ते खरंही होतं. बाई म्हणाल्या, त्याला काढलं तर आम्ही सगळे तुमच्याविरुद्ध अडवून ठेवल्याची तक्रार देऊ, आत्ता, एकेक करून, आणि मी प्रत्येकाची नीट लिहून देईन. मॅनेजर साहेबांनी बाईंचं अक्षर बघितलेलं होतं. ठरलं असं, की ड्रायव्हर राहील, ॲम्ब्युलन्स पेशंटशिवाय गेटाबाहेर जाणार नाही, आणि सकाळी गेट उघडेल. ज्याला जायचं त्याने स्वतः सही करून जावं, सोबतीला एक अटेंडंट. मुलांना टीआय साहेबांनी फोन केले. कॅनडावाला आधी चिडला, मग त्याने विचारलं, "आई चालते अजून?"

अंकलना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते थोडे नाराज झाले. म्हणाले, "म्हणजे किडनी नाहीच?" मग ग्रुपवर खुलासा टाकला, त्यात स्वतःला 'जागरूक नागरिक' लिहिलं. ते मी चालू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत तिथे गेले. गेट उघडलं. सगळी टोळी तयार, साड्या इस्त्रीच्या, काठ्या हातात. आणि कोणी पाऊल टाकेना! समोर रस्ता, स्कूटर, ऑटो, हॉर्न. हे लोक इतके दिवस बाहेर जात होते, पण झोपून. स्वतःच्या पायावर रस्ता ओलांडून वर्षं झाली होती. सुभेदार काका सीमेवर गोळी खाल्लेले, ते सुद्धा म्हणाले, "आधी ट्रॅफिक कमी होऊ दे."

तेवढ्यात प्रिन्सिपल बाई पुढे झाल्या. पदर खोचला, उजवा हात वर केला आणि सरळ रस्त्यात उतरल्या. जसं शाळा सुटल्यावर पोरांना रस्ता पार करून देत असतील ना, अगदी तसं. एक ऑटोवाला करकचून थांबला. "माताजी, मरना है क्या?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पोहे खायचेत."

बाकीचे त्यांच्या मागून निघाले. एकमेकांचा हात धरून, हळूहळू, अख्ख्या रस्त्याला थांबवून. मागे गेटाशी ॲम्ब्युलन्स उभी होती, इंजिन बंद, ड्रायव्हर दार उघडून पायरीवर बसलेला. शेवटचा माणूस पलीकडे पोचेपर्यंत तो उभा राहिला नाही, हलला नाही, फक्त बघत राहिला.

त्या केसने मला काय शिकवलं, हे पोरं क्लासमध्ये विचारतात. मी सांगते, सुरक्षेच्या नावाने काहीही तपासायला गेलात ना, तर दांड्या मोजा, बेल वाजवून बघा, फरशीवर पाय घासून बघा, सगळं बघा. ते महत्त्वाचंच आहे, मिलवाल्या आजोबांना विचारा. पण मग तिथल्या एका माणसाला बाजूला घ्या आणि विचारा, आज सकाळपासून तुम्हाला काय पाहिजे हे कोणी विचारलं का? त्याचं उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा तिथेच. तपास अजून संपलेला नाही.